मासिक पाळी आणि पोहणे : एका नव्या पोशाखाचा विचार

आपला गोमंतक हा पाण्याचा मुलूख आहे. पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा, आणि दोहोंच्या मध्ये केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा समुद्रकिनारा. डिचोलीकडे वळावे तर साखळीची वाळवंटी, मयेचा तलाव, गावोगावचे ओहोळ आणि तळी. शिवाय खाणींनी मागे ठेवलेले पाण्याचे खोल खंदक. अशा मुलखातील मुलाला पोहणे येते, यात नवल नाही. सांजावच्या दिवशी बार्देशात विहिरींतून उड्या पडतात, त्याही बहुतेक मुलग्यांच्याच. मुलगी मात्र काठावर उभी राहून कपडे सांभाळते. पाण्याच्या इतक्या जवळ राहून पाण्याला इतके परके असावे, ही गोष्ट आम्हांस शिक्षकी पेशात आल्यापासून खटकत आली आहे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत पोहण्याच्या वर्गाला आमच्या शाळेतील काही मुली जाऊ लागल्या. त्यांतील नववीतली एक मुलगी चांगली तयार होत होती. पाण्यावर तरंगणे तिला साधले होते. हात मारताना मान वळवून श्वास घेण्याचे तेवढे राहिले होते. मध्येच ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशीही आली नाही. घरी चौकशी केली तेव्हा आई म्हणाली, "दर महिन्याला असाच खाडा व्हायचा, मग फी भरून उपयोग काय?" शिकवणाऱ्यानेही पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरू नये असेच सांगितले होते. मुलगी पुढे शिकली, नोकरीस लागली. पण पोहणे अर्धवट राहिले ते राहिलेच.

या वर्षी दहावीतील दुसऱ्या एका मुलीने मधल्या सुटीत आम्हांस गाठले. तिच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाई, पाळीत पोहता येतं असा पोशाख मिळतो म्हणे. खरंच चालतो का? की नुसती जाहिरात?" प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ देणे भाग होते. परंतु आम्हांस ते लगेच देता आले नाही. आम्ही वाचले, ओळखीच्या स्त्री-डॉक्टरांना विचारले, आणि एक लहानसा प्रयोगही करून पाहिला. त्याचे फलित या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय नाजूक आहे खरा. पण घरोघरच्या अर्ध्या माणसांचा आहे. तेव्हा संकोच बाजूस ठेवून वाचावे, ही विनंती.

पाण्यात उतरावे की नाही ?

पोशाखाकडे वळण्यापूर्वी मूळ शंकांचा निकाल लावला पाहिजे. पाळी चालू असताना पोहल्याने अपाय होतो काय? निरोगी मुलीला स्वच्छ पाण्यात पोहल्याने पाळीमुळे कोणताही वेगळा अपाय होत नाही. पाणी गर्भाशयात शिरते, "आत थंडी बसते", पुढे मूल होण्यास अडचण येते, या समजुतींना शरीरशास्त्रात आधार नाही. उलट, पाळीतील पोटदुखी व्यायामाने कमी होते असा पुष्कळ स्त्रियांचा अनुभव आहे. या विषयावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी पाऊण ते एक तास व्यायाम केल्यास दुखणे बरेच कमी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. पोहणे हाही व्यायामच. अर्थात ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी. सक्तीने पाण्यात ढकलणे आणि सक्तीने काठावर बसवणे, दोन्ही सारखेच वाईट.

दुसरी समजूत अशी की, पाण्यात उतरले की स्राव थांबतो. ही अर्धी खरी आहे, म्हणूनच अधिक फसवी. अंगाभोवतीच्या पाण्याचा दाब बाहेरून आत पडत असल्याने स्राव बाहेर येणे काहीसे मंदावते. तो बंद मात्र होत नाही. खोकला आला, हसू आले, जोराने पाय मारले तर थोडा बाहेर येऊ शकतो. आणि पाण्यातून वर येऊन उभे राहिले की, इतका वेळ थोपलेला स्राव एकदम खाली येतो. मुलींची फजिती होते ती बहुधा पाण्यात नव्हे, तर काठावर, कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंतच्या वीस पावलांत. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाते.

तिसरी शंका इतरांची : तलावाचे पाणी बाटते काय? पोहण्याच्या तलावात लाखो लिटर पाणी असते आणि जंतू मारण्यासाठी त्यात क्लोरीन घातलेले असते. पोहणाऱ्यांच्या घामाने आणि लहान मुलांच्या लघवीने त्या पाण्याला जो त्रास होतो, त्यापुढे दोन-चार थेंब रक्ताची काय मातबरी? तरीही आपल्यामागे पाण्यात खूण उमटू नये असे प्रत्येकीला वाटते. तिच्या लाजेचा मान राखला पाहिजे, आणि साधनांचा विचार त्यासाठीच करावयाचा आहे.

एका लहान मुलीने आम्हांस विचारले होते, रक्ताच्या वासाने मगर येते का? कुंभारजुव्याच्या खाडीतील मगरी गोव्यात प्रसिद्ध आहेत, तेव्हा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. त्याला उत्तर एवढेच : जेथे मगर आहे तेथे महिन्यातील कोणत्याच दिवशी पोहू नये.

नेहमीचे पॅड पाण्यात का चालत नाही ?

डिचोली तालुक्यातील स्त्रियांच्या एका स्वयंसाहाय्य गटाने पाइन लाकडाच्या लगद्यापासून मातीत कुजणारी पॅड बनवण्याचा उद्योग उभा केला आणि त्याचे पुष्कळ कौतुक झाले. ज्या वस्तूचे नाव दुकानात कुजबुजत घ्यावे लागे, ती आपल्याच तालुक्यातील बायका उघडपणे तयार करू लागल्या, ही मोठीच मजल आहे. परंतु पॅड कोणत्याही प्रकारचे असो, ते जमिनीवरचे साधन आहे. द्रव शोषणे हा त्याचा धर्म. तलावात उतरताच ते तलावाचेच पाणी शोषू लागते, काही मिनिटांत फुगते, जड होते, त्याचा चिकट भाग सुटतो, आणि स्रावासाठी जागाच उरत नाही. घडीच्या कापडाचीही तीच गत. म्हणून पॅड लावून पोहू नये, हे पक्के.

नव्या पोशाखाची रचना

गेल्या दहा-बारा वर्षांत ऑस्ट्रेलिया, अमेरिका, युरोप येथून पाळीच्या दिवसांसाठी शोषक चड्ड्या प्रचारात आल्या आणि पाठोपाठ त्याच तत्त्वावर पोहण्याचे पोशाख निघाले. आता ते आपल्या देशातही मागवता येतात. बाहेरून पाहता हा पोशाख पोहण्याच्या इतर पोशाखासारखाच दिसतो. खुबी आहे ती दोन पायांच्या मधल्या पट्ट्यात. तेथे साधारणपणे तीन थर असतात. अंगालगतचा थर ओल चटकन आत ओढून घेतो. मधला थर ती धरून ठेवतो. बाहेरच्या थरावर पाणी न झिरपणारे अस्तर असते. ते आतले बाहेर आणि बाहेरचे आत सहजी जाऊ देत नाही. मांडीभोवतीची कड घट्ट बसेल अशी शिवलेली असते.

यावरून कोणास वाटेल की, हा पोशाख म्हणजे झाकण लावलेली डबी. तसे नाही. पाणी न झिरपणारे अस्तर फक्त खालच्या बाजूस असते. कमरेकडून आणि मांडीच्या कडेने पाणी आत येतेच. ते आले की मधला थर काही प्रमाणात भिजतो, आणि जेवढा भिजला तेवढी त्याची जागा कमी झाली. म्हणून हा पोशाख जमिनीवर जेवढे धरील तेवढे पाण्यात धरणार नाही. पोशाख सैल असला तर काहीच धरणार नाही. "वाढत्या अंगाचा घेऊ, पुढच्या वर्षीही चालेल" हा गणवेशाचा नियम येथे लावू नये.

थोडा हिशेब

आम्ही पडलो शिक्षक. आकडे मांडल्यावाचून आमचे समाधान होत नाही. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे, कारण चहाचा एक चमचा सुमारे ५ मिलिलिटरचा. ऐकणाऱ्या मुली दर वेळी चकित होतात. त्यांना ते पेलाभर वाटत असते. रक्ताखेरीज स्रावात दुसरे द्रवही असतात, तेव्हा सगळा स्राव याच्या दुप्पट धरू. म्हणजे ६० ते ८० मिलिलिटर.

यातील निम्मा स्राव पहिल्या दोन दिवसांत जातो असे मानले, तर ४८ तासांत ४० मिलिलिटर झाले. तासाला एक मिलिलिटरही पडत नाही. परंतु स्राव नळाच्या संथ धारेसारखा येत नाही. थांबून थांबून येतो. म्हणून एका तासाला तिप्पट, म्हणजे ३ मिलिलिटरपर्यंत धरावा. बाजारातील पोशाखांच्या शोषणशक्तीचे आकडे वेगवेगळे आढळतात. अनेक ठिकाणी ते ५ ते १० मिलिलिटरच्या घरात असतात. पाण्यात भिजून त्यातील काही जागा गेली, तरी सामान्य स्राव असलेल्या मुलीला तासाभराच्या पोहण्यास तो पुरावा, असे गणित सांगते.

आता दुसरी बाजू. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जात असेल तर तो अतिस्राव समजतात. अशा मुलीचा पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा एक जोरही चमचाभराचा असू शकतो. तिला त्या दिवशी हा पोशाख एकट्याने पुरणार नाही. तसेच, सामान्य स्रावाच्या मुलीलाही तो सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या किनाऱ्यावरील सहलीस पुरणार नाही.

आमचा स्वयंपाकघरातील प्रयोग

कागदावरचे गणित कापडावर उतरते का, हे पाहण्यासाठी आम्ही असा एक पोशाख विकत घेतला. घरी पाण्यात लाल रंग कालवला आणि चहाच्या चमच्याने मधल्या पट्ट्यावर हळूहळू ओतला. पहिला चमचा क्षणात आत गेला. वरून बोट फिरवले तर बोटाला जेमतेम ओल. दुसरा चमचा थोडा रेंगाळला, पण गेला. तिसऱ्या चमच्याला कड ओली झाली आणि दाबताच रंग वर आला. मग पोशाख धुऊन, वाळवून, पुन्हा एकच चमचा रंग घालून दहा मिनिटे बादलीतील पाण्यात हलवत ठेवला. बादलीतले पाणी लाल झाले नाही; अगदी फिकट छटा मात्र आली, तीही पांढऱ्या बादलीमुळे दिसली. बाहेर काढून पिळला तेव्हा बराचसा रंग निघाला, म्हणजे तो आतच धरलेला होता.

हा काही शास्त्रज्ञांचा प्रयोग नव्हे. रंगाचे पाणी स्रावापेक्षा पातळ असते, बादली म्हणजे समुद्र नव्हे, आणि एका कारखान्याचा पोशाख दुसऱ्यासारखा नसतो. तरी एक गोष्ट डोळ्यांनी दिसली : हा पोशाख स्राव अडवून बंद करीत नाही, तो थोडा स्राव धरतो आणि सुटणारा मंदावतो. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला आम्ही सांगितले, "चालतो, पण मापात चालतो. हलक्या दिवशी एकटा चालतो. जोराच्या दिवशी दुसऱ्या साधनाचा सोबती म्हणून चालतो. वर आल्यावर लगेच बदललास तर चालतो, आणि ओल्याने बसून राहिलीस तर नाही."

दुसरी साधने आणि आपल्या घरांतील अडचण

दुसरी साधने दोन : टॅम्पॉन आणि कप. दोन्ही शरीराच्या आत ठेवावयाची असतात. कापसाच्या टॅम्पॉनला अमेरिकेत १९३३ साली पेटंट मिळाले. रबराच्या कपासाठी तेथील लिओना चाल्मर्स या नटीने १९३७ साली ते मिळवले. म्हणजे आपण ज्यांना नवी समजतो ती साधने नव्वदीच्या घरात आली. टॅम्पॉन पोहण्यास उत्तम; परंतु पोहून झाल्यावर लगेच बदलावा, आणि कोणत्याही वेळी आठ तासांहून अधिक ठेवू नये. तो फार वेळ राहिल्यास क्वचित एक गंभीर विषबाधा होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत तिच्या अनेक केसेस झाल्यामुळे ही ताकीद सर्वत्र दिली जाते. आजचा कप वैद्यकीय सिलिकॉनचा असतो. तो शोषत नाही, साठवतो. बहुतेकांत २० ते ३० मिलिलिटर मावते. स्वच्छ ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकाने ४३ अभ्यासांचा आढावा छापला; त्यात कप सुरक्षित आणि भरवशाचा ठरला, मात्र हात बसण्यास दोन-तीन महिने लागतात असेही दिसले. केवळ पोहण्याच्या दृष्टीने पाहिले तर कप हा या पोशाखापेक्षा सरस आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग पोशाखाचे प्रयोजन काय? उत्तर आपल्या घरांत आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने शरीरात काही ठेवावे, हे आपल्याकडील बहुतेक आयांना रुचत नाही. पुष्कळ मुलींनाही धास्ती वाटते. कौमार्याची शंका तर मनात असतेच. कौमार्य ही काही तपासून सांगता येणारी शारीरिक खूण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तसल्या तपासणीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. तरीही मन तयार होण्यास वेळ लागतो, आणि मुलीचे पोहणे तोवर थांबत नाही. अशा मुलीला अंगावर घालता येईल असे, बाहेरूनच काम करणारे, आजमितीस पाण्यातले साधन हेच. त्याच्या लहान मापाकडे पाहताना हे मोठे काम विसरू नये.

आणखी एक सोय. आपल्या कित्येक घरांत, मग ती हिंदूंची असोत वा मुसलमानांची, मुलगी आखूड पोशाखात पोहत नाही. ती गुडघ्यापर्यंतचा किंवा पूर्ण अंगाचा पोशाख घालते. पाळीची चड्डी तेवढी वेगळी मिळते. ती पूर्ण पोशाखाच्या आत घातली तर कोणास कळतही नाही, आणि दुहेरी कापडाने धीरही येतो. वरचा पोशाख पोहण्याच्याच कापडाचा आणि गडद रंगाचा असावा. सुती सलवार-कमीज घालून खोल पाण्यात मुळीच उतरू नये. ते कापड पाणी पिऊन जड होते, पायांत अडकते, आणि मग प्रश्न पाळीचा राहत नाही, जिवाचा होतो.

निगा : आपल्या पावसाळ्याची गोष्ट

पोशाखासोबत येणाऱ्या कागदावर पुष्कळ सूचना असतात. पण तो कागद कोकणपट्टीचा पावसाळा पाहिलेल्या माणसाने लिहिलेला नसतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे साधा रुमाल वाळत नाही, तेथे तीन थरांचा हा पट्टा कोठून वाळणार? आणि तो नीट न वाळवता घातला तर मांड्यांच्या सांध्यात खाज व बुरशी ठरलेली. म्हणून वापर झाल्यावर आधी थंड पाण्यात खळबळावा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. मग साध्या साबणाने धुवावा. कपडे मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत. ती धाग्यांवर चढून शोषणशक्ती कमी करतात. ब्लीच किंवा इस्त्रीही नको. पिळा न घालता दाबून पाणी काढावे आणि आतली बाजू बाहेर करून वाळत घालावा.

वाळत कोठे घालावा, हा खरा प्रश्न. आमच्या लहानपणी पाळीची कापडे दुसऱ्या कपड्यांखाली, माळ्यावर, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत. वाळत कसली, कुबट होत. पैसे खर्चून आणलेला पोशाख पुन्हा त्याच कोपऱ्यात गेला तर आपण काय शिकलो? तो उन्हात, वाऱ्यावर, इतर कपड्यांच्या दोरीवरच घालावा. पावसाळ्यात पंख्याखाली घालावा आणि हाताला पुरता कोरडा लागल्याखेरीज पेटीत ठेवू नये.

घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. पाणी न धरणारे कापड करण्यासाठी काही कारखाने शरीरात व निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणारी फ्लोरीनयुक्त रसायने वापरतात. पाळीच्या चड्ड्यांत ती असल्याच्या आरोपावरून अमेरिकेत झालेल्या एका दाव्यात २०२३ मध्ये तडजोड झाली. 'पीएफएएस नाही' असे स्पष्ट छापलेला माल मिळत असेल तर तोच घ्यावा. किंमत साध्या पोशाखाहून बरीच अधिक असते. पण तो वर्ष-दोन वर्षे टिकतो आणि कचरा करीत नाही, हेही हिशेबात धरावे.

पोहण्याची जागा मात्र पोशाखापेक्षा महत्त्वाची. तलाव स्वच्छ राखलेला असावा, समुद्र असेल तर जीवरक्षक असलेल्या टापूतला असावा. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ही व्यवस्था आहे. पावसाळ्यात समुद्रात, आणि कोणत्याही ऋतूत खाणीच्या खंदकात उतरू नये. त्या खंदकांचे काठ ढासळते आणि तळ अज्ञात.

विटाळ आणि शाळा

शेवटी, पोशाखाने न सुटणारी गोष्ट. पाळीला आपल्याकडे "कावळा शिवला" म्हणत, "बाहेर बसणे" म्हणत. त्या बाहेर बसण्यात देवघर आणि स्वयंपाकघर यांबरोबर नदी व विहीरही बंद होई. आमच्या मुसलमान घरांत त्या दिवसांत नमाज माफ असते आणि रोजे मागाहून पुरे करावयाचे असतात. पण तिच्या हातचे खाण्यास किंवा तिला शिवण्यास धर्माची मनाई नाही. ती आपल्या जागी माणसांतच असते. तरीसुद्धा आमच्याही घरांतून मुलीला "पाण्यात जाऊ नको" हेच ऐकावे लागते. धर्म वेगळे, रिवाज वेगळे, पण मुलीला काठावर बसवण्याच्या कामी आपले एकमत! या एकमताचा पुनर्विचार व्हावा. उपासनेचे नियम ज्याचे त्याने पाळावे. पण पोहणे ही उपासना नव्हे, ती शिकण्याची आणि प्रसंगी जीव वाचवण्याची विद्या आहे.

ही अडचण फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने सांघिक शर्यतीनंतर आदल्या दिवशी पाळी आल्याचे मोकळेपणाने सांगितले, तेव्हा तिच्या देशात अनेकांनी प्रथम हेच विचारले की, मग ती पाण्यात उतरली कशी? विंबल्डनच्या टेनिसमध्ये पांढऱ्या पोशाखाचा नियम इतका कडक की, स्त्रियांना स्कर्टच्या आत गडद चड्डी घालण्याची मुभा २०२३ मध्ये मिळाली. २०२३ मध्येच आपल्या गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या आणि देशभरच्या मुली कांपालच्या तलावात उतरल्या. स्पर्धेची तारीख कोणाच्या पाळीचे वेळापत्रक पाहून ठरत नाही. त्या मुलींनी महिन्यातले चार-पाच दिवस सोडले असते, तर वर्षाकाठी पन्नास-साठ दिवस सराव बुडाला असता. तेवढ्या रजेवर ना पोहणे येईल, ना गणित.

शाळांना आणि पोहण्याच्या वर्गांना आमचे मागणे मोठे नाही. कपडे बदलण्यास कडी असलेली खोली असावी, तेथे पाणी व झाकणाची कचरापेटी असावी, ती खोली तलावापासून दूर नसावी. शिकवणाऱ्याने "आज येणार नाहीस ना?" असे न विचारता "आज कसे वाटते?" असे विचारावे. ज्या मुलीला नको असेल तिला कारण न विचारता सुटी द्यावी. आयांनी एवढे पाहावे की, दर दोन तासांच्या आत पॅड पूर्ण भिजत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी जात असतील, पाळी सात दिवसांपलीकडे लांबत असेल किंवा मुलगी पायऱ्या चढताना धापा टाकत असेल, तर पोशाख बदलून भागणार नाही. डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्यावे. अशक्त मुलीला पाण्यात घेरी येणे धोक्याचे असते.

कात्रण घेऊन आलेल्या त्या मुलीला आम्ही आमचे सारे गणित वहीत लिहून दिले. तिने ते आईला दाखवले. आईने चमचे मोजले आणि म्हणाली, "एवढंच? मग इतकी वर्षं आम्ही कशाला घाबरलो?" पुढच्या उन्हाळ्यात पोहण्याच्या वर्गात मुलीचे नाव घालायचे ठरले आहे. श्वास घेताना मान कोणत्या बाजूला वळवावी, हे ती आतापासूनच विचारू लागली आहे.